पावतीवर नाव नको

आमच्या संघटनेचं पावतीपुस्तक शंभर पानांचं. वर लाल शाईत संघटनेचं नाव, मग अनुक्रमांक, श्री./श्रीमती, मुक्काम पोस्ट, रक्कम अक्षरी, खाली घेणाऱ्याची सही. कार्बन घालून लिहायचं, वरची प्रत देणाऱ्याला, खालची स्थळप्रत आपल्याकडे. वीस-पंचवीस वर्षं आठवडी बाजारात उभा राहून मी या पावत्या फाडतोय. दहा रुपये देणारेही आहेत आणि वरईची पिशवी हातात ठेवून "हीच वर्गणी" म्हणणाऱ्या म्हाताऱ्याही.

२०२५च्या पावसाळ्यात, पोळ्याच्या आधीच्या बाजाराला, एका जुन्या सभासदाने पन्नासची नोट काढली आणि म्हणाला, "मास्तर, पैसे घ्या, पण नाव नका लिहू. हितचिंतक लिहा." त्याचा नातू पोलीस भरतीची तयारी करतोय, पहाटे माळावर पळतो. उद्या चारित्र्य पडताळणीत आजोबांची पावती निघाली तर, अशी त्याला धास्ती. हे त्याला कुणी सांगितलं? मोबाइलवर आलं होतं म्हणाला.

मोबाइलवर जे येतं त्यातलं निम्मं खोटं असतं. पण हे साफ खोटं आहे असं मला त्याला सांगता आलं नाही, कारण मी ते विधेयक वाचलेलं होतं.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक पहिल्यांदा जुलै २०२४ मध्ये आलं, डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं आणि मग महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीकडे गेलं. लोकांकडून बारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेने ते संमत केलं. सरकारने एखादी संघटना बेकायदा ठरवली, की तिच्या सभासदाला, तिच्या बैठकीला बसणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. सभासद नसूनही वर्गणी दिली, गोळा केली किंवा तिच्या माणसाला घरात आसरा दिला तर दोन वर्षांपर्यंत, वर दोन लाखांपर्यंत दंड. बेकायदा कृत्य केलं किंवा योजलं तर सात वर्षांपर्यंत. सगळे गुन्हे दखलपात्र, सगळे अजामीनपात्र.

आमची संघटना बेकायदा ठरलेली नाही, ठरेल असंही मी म्हणत नाही. पण त्या म्हाताऱ्याचा हिशेब बिनचूक होता. पावती आज फाडायची आणि संघटना कधी बेकायदा ठरेल ते दुसरं कुणी ठरवणार, तर नाव न लिहिलेलं बरं. कायदा अजून कुणाला शिवलाही नव्हता, तोवर त्याचं काम सुरू झालं होतं.

'बेकायदा कृत्य' म्हणजे काय, ते बघा. हिंसा, जाळपोळ, शस्त्रं, स्फोटकं हे त्यात आहेच आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करणारं किंवा तसा नुसता कल असणारं कृत्यही त्यात आहे. कायद्याच्या अंमलबजावणीत, प्रस्थापित संस्थांच्या आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आहे. प्रस्थापित कायदा मोडायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणं आहे. आणि हे सारं कृतीनेच व्हायला हवं असं नाही. बोलून, लिहून, खुणेने, चित्राने झालं तरी चालतं.

कायदेभंग हा शब्द आपल्याकडे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात येतो. १९३० साली शिरोड्याला मीठ उचललं गेलं, बिळाशीत आणि चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. तिथे कायदा मोडायचा उपदेशच तर चालला होता! दरवर्षी सत्याग्रहींच्या स्मारकाला हार घालायला आमदार-खासदार जातात, भाषणं करतात. व्याख्या तयार करताना मंत्रालयातल्या कुणाला हे आठवलं नसेल असं मला वाटत नाही. आठवलं असणार, आणि तरी लिहिलं असणार.

जवळचं उदाहरण मार्च २०१८चं. नाशिकहून निघालेला किसान सभेचा लाँग मार्च सहा दिवसांत मुंबईला पोचला, जवळपास १८० किलोमीटर. मागण्या साध्या होत्या, वनजमिनीचे दावे निकाली काढा, कर्जमाफी नीट द्या, पेन्शन वाढवा. शेवटच्या रात्री आम्ही सायनजवळ सोमय्या मैदानावर होतो. दहावीची परीक्षा चालू होती. सकाळी मोर्चा निघाला तर पोरं केंद्रावर पोचणार नाहीत, म्हणून मध्यरात्रीनंतर उठायचं ठरलं. पायांना फोड आलेल्या बाया चिंध्या बांधून अंधारात पुन्हा उभ्या राहिल्या आणि उजाडायच्या आत आझाद मैदान गाठलं. रस्त्यात मुंबईकर पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, कुणी जुन्या चपला घेऊन उभे होते. सत्ताधारी पक्षाच्या एका खासदारांना त्याच मोर्चात शहरी माओवाद दिसला. सरकारने मात्र लेखी आश्वासन देऊन टाकलं. हजारो माणसं राजधानीच्या रस्त्यावर आणणं हा सुव्यवस्थेत हस्तक्षेपाचा 'कल' ठरतो की नाही? ज्याला तो ठरवायचा असेल त्याला कायद्यात कुठेही अडकायला होत नाही. बाटल्या-बिस्किटं मदत म्हणून मोजायची का, हे विचारणं आज चेष्टा वाटेल. वाटो.

आता सरकारची बाजू, की हा कायदा नक्षलवादासाठी आहे. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. गडचिरोलीतल्या लाहेरीला ऑक्टोबर २००९ मध्ये माओवाद्यांनी १७ पोलीस मारले, १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा चालक. खबऱ्या म्हणून गळे कापलेले आदिवासी तर वेगळेच. या हिंसेला क्रांती म्हणणारे लोक आहेत. मी त्यांच्यातला नाही आणि डाव्यांनी त्यांच्याबद्दल गुळमुळीत बोलणं मला कधी पटलेलं नाही. पण या हिंसेसाठी कायदे नव्हते का? माओवादी पक्षावर २००९ पासून यूएपीएखाली, म्हणजे केंद्राच्या बेकायदा कृत्य प्रतिबंधक कायद्याखाली, बंदी आहे. खुनाला खुनाचं कलम आहे, मोक्का आहे, शस्त्रास्त्र कायदा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा बडा नेता ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं टाकतो, तेव्हा त्याचं श्रेय सरकार स्वतःच्या जुन्याच धोरणाला देतं आणि ते बरोबरही आहे. नक्षलवाद आता दोन तालुक्यांपुरता उरलाय असं विधानसभेत सांगायचं आणि त्याच दमात सगळ्या राज्यासाठी नवा कायदा मागायचा, हे गणित माझ्यासारख्या माणसाला सुटत नाही. सुटतं ते एकाच तऱ्हेने: रोख जंगलाकडे नसून शहराकडे आहे. कडव्या डाव्या अशा ६४ संघटना राज्यात असल्याचं सांगितलं गेलं. कोणत्या, ते वेळ आल्यावर राजपत्रात वाचायचं.

छत्तीसगडने हाच कायदा, जवळपास याच नावाने, २००५ साली केला. रायपूरचे डॉक्टर बिनायक सेन त्यात २००७ च्या मे महिन्यात आत गेले आणि जामिनाला दोन वर्षं लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे मूलवासी बचाव मंचावर बंदी आली. बस्तरमधल्या आदिवासी पोरापोरींची ही संघटना सुरक्षा दलांच्या तळांना आणि रस्त्यांना विरोध करत धरणं देत होती. बंदीच्या आदेशात कारण म्हणून विकासकामांना आणि तळांना केलेला विरोधच सांगितला आहे.

महाराष्ट्राच्या समितीने काही बदल केले, हे मान्य करायला हवं. तपास फौजदाराऐवजी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करेल. सल्लागार मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असेल. सोबत एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातले सरकारी वकील. हे तिसरं नाव पुन्हा वाचा. बंदी घालणारं सरकार, आणि बंदी योग्य की अयोग्य हे सांगणाऱ्या तिघांत सरकारचा वकील. शिवाय जी माहिती उघड करणं लोकहिताचं नाही असं सरकारला वाटेल ती सरकारने संघटनेला दाखवायचं कारण नाही.

या प्रश्नाचा निकाल आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च १९५२ रोजीच दिलेला आहे, आणि तो एका डाव्या वकिलाच्या खटल्यात दिलेला आहे. मद्रासमधले व्ही. जी. राव एका लोकशिक्षण संस्थेचे सरचिटणीस होते. संस्था रीतसर नोंदलेली होती. मद्रास सरकारने ती बेकायदा ठरवली, का, तर तिचा पैसा बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचाराला जातो. म्हणजे पुन्हा पावतीच! हत्यार होतं १९०८च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाचं, ज्याखाली इंग्रजांनी तिसाच्या दशकात काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरवल्या होत्या. स्वराज्य आलं, हत्यार तेच राहिलं, फक्त मूठ बदलली. तिथेही सल्लागार मंडळ होतं, आणि त्याचा निर्णय सरकारवर बंधनकारक होता. सरन्यायाधीश पतंजली शास्त्रींच्या पीठाने तरीही ती तरतूद रद्द केली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: संघटना करण्याचा हक्क धर्मापासून अर्थकारणापर्यंत इतक्या ठिकाणी पसरलेला आहे, की त्यावर घाव घालण्याआधी कारणांची न्यायालयात तपासणी व्हायलाच हवी, मंडळाने झटपट आणि बहुतांशी एकतर्फी केलेली पाहणी, तिचा निष्कर्ष बंधनकारक असला तरी, न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही.

यूएपीएतसुद्धा, ज्याला आम्ही सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतो, बेकायदा ठरवलेल्या संघटनेवरची बंदी टिकवायला उच्च न्यायालयाच्या विद्यमान न्यायाधीशाचं न्यायाधिकरण लागतं, पुरावा मांडावा लागतो, उलटतपासणी होते. मग वेगळ्या कायद्याची गरज का पडावी? केंद्राच्या कायद्यात जे दार अरुंद वाटतं ते राज्याच्या कायद्यात रुंद करून घेतलंय, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

'जनसुरक्षा' हा शब्दही काही नवा नाही. इंग्रज सरकारचं पब्लिक सेफ्टी बिल १९२८ साली आलं ते मुंबई-कलकत्त्याच्या कामगारांत काम करणाऱ्या परदेशी कम्युनिस्टांना हाकलण्यासाठी. मध्यवर्ती कायदेमंडळात समसमान मतं पडली आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेलांनी आपलं निर्णायक मत विरोधात टाकलं. सरकारने ते पुन्हा आणलं. २० मार्च १९२९ रोजी देशभर धरपकड झाली, मुंबईतून डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर मीरतच्या खटल्यात गेले. ८ एप्रिलला त्याच बिलावर अध्यक्ष निर्णय देणार, तेवढ्यात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला. विठ्ठलभाईंनी नंतर ते बिल चर्चेलाच घेऊ दिलं नाही, तेव्हा व्हाइसरॉयने वटहुकूम काढला. ही गोष्ट आपल्याकडे भगतसिंगापाशी सुरू होऊन भगतसिंगापाशी संपते. बॉम्ब कशावर पडला हे सांगायची पद्धत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने सार्वजनिक सुरक्षिततेच्याच नावाखाली प्रवेशबंदी केली. संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे १९५० मध्ये जिंकले. पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती आली आणि अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांत 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे शब्द घातले गेले. ते घालणारे नेहरू होते. त्याही आधी, १९३८ साली, मुंबईतल्या काँग्रेस मंत्रिमंडळाने संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं तेव्हा डॉ. आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन ७ नोव्हेंबरला संपावर गेले होते. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव, असं बाबासाहेबांनी त्या विधेयकाच्या वेळी सांगितलं. आज काँग्रेसवाले संविधानाची प्रत हातात धरून फिरतात, आनंद आहे. पण जनसुरक्षा विधेयकाच्या संयुक्त समितीत त्यांचे आणि त्यांच्या मित्रपक्षांचे मातब्बर बसलेले होते, आणि एकाचीही भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडलेली नाही. परिषदेत दुसऱ्या दिवशी सभात्याग झाला, बाहेर भाषणं झाली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांचं मानधन दुप्पट केलं, महिन्याभरापेक्षा जास्त काळ आत असलेल्यांना आता वीस हजार रुपये. चांगली गोष्ट आहे. मिसात वर्षभर बसलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांचे हाल खरे होते. त्यांना आत टाकताना कारण देशाच्या अंतर्गत सुरक्षेचंच दिलं होतं, आणि मानधन दुप्पट करणाऱ्या या सरकारने पुढच्याच महिन्यात हे विधेयक संमत करून घेतलं.

विधेयकाच्या उद्देशात 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना' असे शब्द समितीने घातले. पहिल्या मसुद्यात नुसत्या व्यक्ती आणि संघटना होत्या. ही आम्हाला दिलेली सवलत आहे असं सांगितलं गेलं. त्यावर आमच्यातल्या अनेकांनी विचारलं, मग कडवे उजवे कुठे आहेत? दाभोलकरांना २०१३ मध्ये पुण्यात पुलावर मारलं, पानसरे अण्णांना २०१५ मध्ये कोल्हापुरात घराजवळ. प्रश्न चोख आहे. पण त्यातून निघणारी मागणी, की उजव्यांनाही या कायद्यात घाला, ती मला घातक वाटते. पानसरेंचे मारेकरी शोधायला दिरंगाई झाली ती कायदा कमी पडला म्हणून नाही. जाळं मोठं करा म्हणून ओरडणाऱ्याने ते आपल्यावर पडणार नाही अशी समजूत करून घेऊ नये. सनातनी विचारांच्या माणसालाही वर्गणीची पावती निर्धास्तपणे घेता आली पाहिजे. त्याने पिस्तूल उचललं तर त्या पिस्तुलासाठी शिक्षा व्हावी.

हे म्हणायला सोपं आहे, आणि आम्ही डाव्यांनी ते नेहमी म्हटलेलं नाही. आणीबाणीला भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा पाठिंबा होता. चूक झाली हे १९७८ मध्ये भटिंड्याच्या अधिवेशनात मान्य झालं. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात, व्यासपीठावर केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण बसलेले असताना, अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध बोलल्या, तेव्हा आमचे किती लेखक टाळ्या वाजवायच्या स्थितीत होते? हंगेरीत १९५६ मध्ये रणगाडे घुसले त्याचं समर्थन करणाऱ्या पुस्तिका आमच्याच माणसांनी वाटल्या. नंदिग्राममध्ये १४ मार्च २००७ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी चौदा माणसं पडली ती डाव्या आघाडीच्या राज्यात. केरळात २०१९ मध्ये कोझिकोडच्या दोन विद्यार्थ्यांना यूएपीए लावला तो डाव्या सरकारच्याच पोलिसांनी, आणि ती पोरं पक्षाचीच होती. गाझासाठी घोषणा देताना आमचा आवाज मोकळा लागतो, शिनजियांगमधल्या उइगुरांचं नाव निघालं की घशात काहीतरी अडकतं. समोरचा हे सगळं तोंडावर फेकतो तेव्हा तो कावेबाज असेल, पण खोटं बोलत नसतो.

गाझावरून आठवलं. आझाद मैदानात गाझासाठी सभा घ्यायची परवानगी पोलिसांकडे मागितली गेली. पोलिसांनी नाकारली, तेव्हा माकप मुंबई उच्च न्यायालयात गेला. पोलिसांच्या कारणांत देशाचं परराष्ट्र धोरणही होतं. जुलै २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने याचिका फेटाळताना पक्षाला सुनावलं की हजारो मैलांवरचं काय बघता, आपल्या देशातला कचरा, प्रदूषण, तुंबणारी गटारं यांवर बोला, देशभक्त व्हा. अखेर ऑगस्टमध्ये त्याच मैदानात सभा झाली, मुंबई काही बुडाली नाही. परराष्ट्र धोरण ठरवणं सरकारचं काम आहे हे बरोबर, पण त्याविरुद्ध बोलायला सरकारची परवानगी लागणार असेल तर बोलायला उरतं काय? लोकमान्यांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेला नाही. आणि दूर बसलेल्या लेनिनने त्या संपावर लिहिलं. त्याला कुणी सांगितलं नाही की बाबा, आधी तुझ्या गावची गटारं बघ. लंडनमध्येही जुलै २०२५ मध्येच पॅलेस्टाइन अॅक्शन या संघटनेवर दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी आली आणि त्या संघटनेला पाठिंबा लिहिलेला पुठ्ठा हातात धरून बसलेल्या शेकडो लोकांना पोलिसांनी उचलून नेलं. त्यांत पिकल्या केसांची माणसं पुष्कळ होती. तिथलं सरकार मजूर पक्षाचं, म्हणजे नावाने तरी आमच्याच गोतावळ्यातलं.

अशा खटल्यांत शिक्षा निकालाच्या फार आधी होते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेले प्रा. साईबाबा चाकाच्या खुर्चीवर, नागपूरच्या अंडा सेलमध्ये. उच्च न्यायालयाने त्यांना दोनदा निर्दोष सोडलं, २०२२ मध्ये आणि मार्च २०२४ मध्ये. पहिल्या निकालाला दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही, स्थगिती मिळाली होती. सुटल्यावर सात महिन्यांत ते गेले. त्याच खटल्यातला गडचिरोलीचा एक तरुण आदिवासी २०२२ च्या ऑगस्टमध्ये तुरुंगात आजारी पडून वारला, पहिल्या निर्दोष निकालाच्या दोन महिनेही आधी. भीमा-कोरेगाव प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे, कंपवाताने हात थरथरायचे, पाणी प्यायला नळीचा पेला मागावा लागला. जुलै २०२१ मध्ये जामिनाची वाट बघतच गेले. त्या प्रकरणात १६ जणांना अटक झाली, पहिली जून २०१८ मध्ये.

१० जुलै २०२५ ला विधानसभेत जनसुरक्षा विधेयकाच्या विरोधात उभे राहिले ते माकपचे एकमेव आमदार, डहाणूचे विनोद निकोले. मतदान आवाजी झालं. आवाजी मतदानात आकडे नोंदले जात नाहीत, त्यामुळे १९२८ च्या त्या समसमान मतांसारखं पुढच्या पिढीला मोजून दाखवायला काही नाही.

आमच्या कार्यालयात एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात बारा-तेरा वर्षांच्या स्थळप्रती आहेत, सुतळीने बांधलेल्या, काहींना वाळवी लागलेली. गेल्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं, "एवढी नावं सांभाळायची कशाला? जाळून टाकू." हिशेबनीस म्हणाले, हिशेब दाखवावा लागतो, आणि शिवाय ज्याने दहा रुपये दिले त्याची नोंद पुसायचा आपल्याला हक्क नाही. तासभर वाद झाला. एक बाई, तिच्या नवऱ्याचं नाव त्या ट्रंकेत आहे आणि तो आता नाही, शेवटी एवढंच म्हणाली की माझ्या माणसाची सही तेवढीच राहिलीय. विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ट्रंक अजून तिथेच आहे, फक्त कुलूप नवीन आणलंय.